मरणपंथाला लागलेल्या हार्ड डिस्कवरून लिनक्स नव्या डिस्कवर कसं न्यावं

लिनक्सच्या मशीनची डिस्क कुरकुरू लागली की बहुतेक जण काय करतात? दोन-चारदा रीस्टार्ट, मग एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड), मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) बूट करून फोल्डर ओढून कॉपी, आणि सगळं अडलं की शेवटी क्लोन, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल. क्रम नेमका उलटा झाला. क्लोन आधी, दुरुस्ती नंतर, आणि तीही क्लोनवरच. मरत्या डिस्कमध्ये आणखी किती तासांचं वाचन शिल्लक आहे ते कोणीच सांगू शकत नाही. जे काही उरलंय ते एकदाच, सलग नक्कल काढण्यात घालवायचं.

ठाण्यात नौपाड्यातल्या सीए ऑफिसचं मशीन असो, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं बिलिंग असो की ऐरोलीतला घरचा डेस्कटॉप, पायऱ्या त्याच. खालच्या कमांड डेबियन, उबंटू आणि मिंटसाठी आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा, आणि जिथे ‘मोठा’ म्हटलंय तेवढंच अक्षर कॅपिटल.

## टप्पा 1: डिस्क जातेय की केबल?

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या वाचायला स्मार्टमॉनटूल्स पॅकेज टाकून एवढं चालवा (/डेव्ह/एसडीए म्हणजे तुमची डिस्क):

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

मोठी यादी येते. त्यात चार नंबर बघायचे. 5 म्हणजे आतापर्यंत बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). 197 म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर. 198 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. 199 म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वायरवर झालेल्या चुका. या सगळ्यांची शेवटच्या रकान्यातली कच्ची किंमत पाहा.

197 शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर डिस्क जातेय. फक्त 199 वाढत असेल आणि बाकीचे तीन शून्य असतील, तर आधी साटा केबल बदला आणि कनेक्टर काढून परत घट्ट बसवा. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये हे सर्रास होतं. शे-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क बाद करू नका. 199 चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तेव्हा आजचा आकडा लिहून ठेवा.

सावधान: वर ‘पास्ड’ लिहून आलं म्हणून निर्धास्त राहू नका. लटकलेले सेक्टर असलेल्या कितीतरी डिस्क तो शिक्का मिरवत असतात. आणि खात्री करायला म्हणून लाँग टेस्टही लावू नका. ती पूर्ण डिस्क वाचते, म्हणजे क्लोनला लागणारेच तास खाते, आणि हातात फक्त एक ओळ येते.

डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक येत असेल, किंवा बायोसमध्ये ती कधी दिसते कधी नाही असं असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. वीज बंद करा. डेटा मोलाचा असेल तर डिस्क रिकव्हरीवाल्याकडे जाऊ द्या. हेड (वाचणारं टोक) प्लॅटरला (फिरणाऱ्या तबकडीला) घासत असेल तर दर मिनिटाला डेटा खरवडला जातोय. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरत असतो. आपल्याकडच्या हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि उरलीसुरली आशाही जाते.

## टप्पा 2: सामान, आणि आकाराचा घोळ

सर्वात जास्त चूक इथे होते. डिस्क ते डिस्क क्लोन करायचा असेल तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, एक बाइटही कमी चालत नाही. ‘500 जीबी’ची हार्ड डिस्क साधारण 5,00,10,78,62,016 बाइटची असते. दुकानात तिच्या जागी हातात पडणारी ‘480 जीबी’ एसएसडी 4,80,10,39,81,056 बाइटची. बसणार नाही. मग एक तर 500 किंवा 512 ची घ्या, किंवा टप्पा 7 मधला लांबचा रस्ता धरा.

जुन्या डिस्कचा नेमका आकार असा मिळतो:

सुडो ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ64 /डेव्ह/एसडीए

हा आकडा कागदावर लिहून मगच खरेदीला निघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला (कॉम्प्युटरच्या बाजारात) जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं, आणि तिथे पोचल्यावर आकडा आठवत नाही. ‘दाखवायला’ म्हणून जुनी डिस्क मात्र बरोबर नेऊ नका. गर्दीच्या लोकलमधला एक दणका तिला पुरेल.

बाकी सामान:

- लाइव्ह पेन ड्राइव्ह. सिस्टमरेस्क्यूमध्ये लागणारं सगळं आधीच असतं. उबंटू किंवा मिंटच्या लाइव्हवर जीडीडीरेस्क्यू नावाचं पॅकेज टाकावं लागतं, नक्कल काढणारी ‘डीडीरेस्क्यू’ कमांड त्यातच येते. नावात सुरुवातीला ‘जी’ आहे याकडे लक्ष द्या. डेबियनच्या भांडारात डीडीरेस्क्यू या नावाचं पॅकेज वेगळंच आहे, त्यातला प्रोग्राम वेगळा आणि त्याचे पर्यायही वेगळे.
- नकाशा-फाइल (डिस्कचा कुठला भाग वाचून झाला याची नोंद) ठेवायला दुसरा छोटा पेन ड्राइव्ह. ती लाइव्ह सिस्टमच्या डेस्कटॉपवर ठेवली तर रीस्टार्टबरोबर गेलीच समजा, कारण तो डेस्कटॉप रॅममध्ये असतो.
- शक्यतो दोन साटा पोर्ट असलेला डेस्कटॉप. मरती डिस्क थेट साटावर लावा. स्वस्त यूएसबी अडॅप्टर वाचनाची चूक आली की गडबडतात, डिस्क दिसेनाशी होते आणि कॉपी तुटते. लॅपटॉपमध्ये एकच जागा असेल तर जुनी आत ठेवा, नवी यूएसबीवर.
- साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. अडॅप्टरला स्वतःचा चार्जर हवा.
- यूपीएस. शिवाय महावितरणचा वीज बंद ठेवणार असल्याचा मेसेज आलाय का, तेही पाहून घ्या. कॉपी मध्येच तुटली तर पुढून सुरू करता येते, पण कमजोर डिस्क पुन्हा फिरायला लागेल याची खात्री नसते.

## टप्पा 3: कोण कुठली ते ओळखा

लाइव्हवरून बूट करा. मूळ सिस्टम यूईएफआयची (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीची) असेल तर लाइव्हही यूईएफआय मोडमध्येच. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसलं की मोड बरोबर आहे. स्क्रीन बंद होणं आणि स्लीप सेटिंगमधून बंद करा.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,माउंटपॉइंट

सिरियल नंबर डिस्कच्या स्टिकरशी पडताळा. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच मापाच्या असतील तर सिरियलशिवाय दुसरा आधार नाही. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात, पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकते. म्हणून प्रत्येक रीस्टार्टनंतर हे पुन्हा पाहा.

तपासा: जुन्या डिस्कचं एकही पार्टिशन माउंट (वापरासाठी जोडलेलं) झालेलं नको. काही लाइव्ह सिस्टम सापडलेला स्वॅप (रॅमला पूरक म्हणून ठेवलेली डिस्कवरची जागा) आपणहून वापरायला घेतात. ‘स्वॅपऑन --शो’ने पाहा, काही दिसलं तर ‘सुडो स्वॅपऑफ -ए’. फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कवर क्लिक करायचा मोह टाळा, एका क्लिकने माउंट होते. फक्त बघण्यासाठी म्हणून आरओ (केवळ वाचन) लावून माउंट केली तरी एक्सट4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) आपलं जर्नल, म्हणजे अर्धवट बदलांची नोंद, डिस्कवर लिहून काढतं. लिखाण खरंच नको असेल तर ‘आरओ,नोलोड’ असं द्यावं लागतं.

नवी म्हणून घेतलेली डिस्क आधी वापरलेली असेल तर ती पुसून घ्या. जे सेक्टर वाचता येत नाहीत तिथे डीडीरेस्क्यू काहीच लिहीत नाही, त्या जागी आधीचा कचरा तसाच राहतो आणि नंतर तो तुमच्या फाइलमध्ये निघतो.

## टप्पा 4: पहिली फेरी, सोपं आहे ते आधी

सुडो डीडीरेस्क्यू -एफ -एन /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/पेन/जुनी.मॅप

क्रम पाठ करा: आधी कुठून, मग कुठे, शेवटी नकाशा (‘/एमएनटी/पेन’ म्हणजे नकाशाचा पेन ड्राइव्ह जिथे माउंट केलाय ती जागा). ‘-एफ’ दिल्यामुळे प्रोग्राम विचारत बसत नाही, आणि पहिली दोन नावं उलटी पडली तर तो कोरी डिस्क तुमच्या डेटावर ओतून मोकळा होतो. एंटर दाबण्याआधी दोन्ही सिरियल पुन्हा एकदा बघा. शेजारी कोणी असेल तर त्याला वाचून दाखवा.

‘-एन’मुळे खराब भाग खरवडून काढायचं काम पुढच्या फेरीवर टाकलं जातं. चांगलं ते पटापट बाहेर येतं. साधी डीडी इथे नको, कारण पहिल्याच चुकीला ती थांबते. ‘नोएरर’ लावून चालवली तर पुढे जाते खरी, पण काय राहिलं याचा हिशेब ठेवत नाही.

पडद्यावर ‘रेस्क्यूड’ हा आकडा चढत जातो, खाली ‘नॉन-ट्राइड’ उतरत जातो. 100 एमबी प्रतिसेकंद वेग मिळाला तर 1 टीबीला पावणेतीन तास लागतात. खराब पट्टा आला की वेग केबीत येतो आणि उरलेल्या वेळाचा अंदाज दिवसांत दाखवू लागतो. घाबरून बंद करू नका. प्रोग्राम स्वतः तिथून उडी मारून पुढे जातो.

मध्ये थांबवायचं झालं तर कंट्रोल-सी. नंतर तीच कमांड त्याच नकाशा-फाइलसह द्या, पुढून सुरू होईल. नकाशाचं नाव बदललं तर शून्यापासून.

तापमानावर नजर ठेवा. स्मार्टच्या यादीत 194 नंबरला दिसतं. मे महिन्यात बंद खोलीत उघडी ठेवलेली डिस्क चटकन 50 अंशांच्या वर जाते. तेवढं झालं तर थांबवा, टेबलफॅन तिच्याकडे वळवा, मग पुढे चला.

एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर सगळ्यात आधी लक्सचं (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं) हेडर वेगळं काढून पेन ड्राइव्हवर ठेवा (क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप, यात ‘हेडर’ आणि ‘बॅकअप’ची पहिली अक्षरं मोठी). पार्टिशनच्या सुरुवातीच्या त्या काही एमबीत किल्ल्या असतात. तिथले नेमके सेक्टर गेले तर बाकीची डिस्क शंभर टक्के वाचूनही काही उपयोग नाही.

## टप्पा 5: उरलेले तुकडे

सुडो डीडीरेस्क्यू -डी -एफ -आर3 /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/पेन/जुनी.मॅप

‘-डी’मुळे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) कॅश बाजूला ठेवून डिस्क थेट वाचली जाते. त्यामुळे एका खराब सेक्टरमागे शेजारचे चांगले सेक्टर वाया जात नाहीत. ‘-आर3’ म्हणजे राहिलेल्या जागांवर आणखी तीन प्रयत्न. यानंतरही बरंच उरलं तर मोठा आर लावून उलट्या दिशेने एक फेरी करा, कधीकधी मागून गेल्यावर जास्त हाती लागतं.

थांबायचं कधी? शेवटच्या फेरीत ‘रेस्क्यूड’ हललाच नाही तर थांबा. काही केबी उरलेत म्हणून रात्रभर डिस्क घासण्यात अर्थ नाही. ते केबी बहुधा एखाद्या जुन्या लॉगमध्ये किंवा रिकाम्या जागेत असतात.

## टप्पा 6: जुनी काढा, मग एफएससीके

मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहून बाजूला ठेवा. हे सोडू नका. क्लोनचे यूयूआयडी (पार्टिशन ओळखायचे क्रमांक) मूळ डिस्कसारखेच असतात. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) एकीवरून सुरू होतं, रूट (मुख्य पार्टिशन) दुसरीवरून माउंट होतं, आणि तुम्ही आठवडाभर जुन्याच डिस्कवर काम करत राहता. फाइलसिस्टम बीटीआरएफएस असेल तर एकाच यूयूआयडीच्या दोन प्रती जोडलेल्या असताना माउंट करण्याने फाइलसिस्टमच बिघडू शकते.

आता लाइव्हवरून पुन्हा बूट करून क्लोनवर:

सुडो ई2एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए2

(एकटीच डिस्क उरल्याने नाव बदललेलं असेल, पुन्हा पाहा.) एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_रिपेअर. सोबत विंडोज असेल तर त्याचं पार्टिशन विंडोजच्याच चेकडिस्कवर सोडा.

हेच मूळ डिस्कवर केलं असतं तर काय झालं असतं? ई2एफएससीकेला ब्लॉक वाचता आला नाही की तो विचारतो: चूक सोडून देऊ का, आणि लगेच: जबरदस्तीने पुन्हा लिहू का. ‘-वाय’ लावलेलं असलं की दोन्हीला हो. जो ब्लॉक तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कदाचित वाचता आला असता, त्याच्यावर शून्यं लिहिली जातात. लिहिल्यावर डिस्क तो सेक्टर बदलूनही टाकू शकते. मग रिकव्हरीवाल्यालाही तो परत आणता येत नाही. क्लोनवर मात्र चूक झाली तरी मूळ डिस्क बाजूला शाबूत आहे.

नवी डिस्क मोठी असेल तर जीपीटीची (पार्टिशनच्या यादीची) शेवटी असायला हवी ती प्रत मध्येच पडलेली असते. ‘सुडो एसजीडिस्क -ई /डेव्ह/एसडीए’ने ती शेवटाला जाते. मग जीपार्टेडमधून पार्टिशन वाढवा. वाढवण्याचं काम एफएससीके बिनचूक पार पडल्यावरच करायचं, आधी नाही.

तपासा: नवी डिस्क यूएसबीवर लावून क्लोन केला आणि आत बसवल्यावर पार्टिशनच दिसत नाहीत? काही यूएसबी डबे 512 बाइटचे सेक्टर 4096 असल्याचं भासवतात. ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस’ दोन्ही डिस्कना सारखं उत्तर देतं का, हे क्लोन सुरू करायच्या आधीच पाहिलेलं बरं.

## टप्पा 7: नवी डिस्क छोटी असेल तर

टप्पा 4 आणि 5 मध्ये दुसऱ्या डिस्कच्या जागी एखाद्या मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या फाइलचं नाव द्या. ती डिस्क फॅट32 नको, तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मग ‘सुडो लोसेटअप -एफ मोठा-पी --शो जुनी.इमेज’. त्यातून लूप0पी1, लूप0पी2 अशी पार्टिशन मिळतात. एफएससीके त्यांच्यावर चालवा आणि माउंट करा. नव्या डिस्कवर पार्टिशन हाताने बनवा आणि कॉपी करा:

सुडो आरसिंक -ए मोठा-ए मोठा-एक्स मोठा-एच -एक्स /एमएनटी/जुनं/ /एमएनटी/नवं/

मोठा एक्स विसरला तर फाइलना दिलेल्या खास परवानग्या गळतात. मग काही सिस्टमवर पिंगसारख्या साध्या गोष्टी रूटशिवाय चालेनाशा होतात आणि कारण लवकर सापडत नाही. जुन्या फोल्डरनंतरची तिरकी रेघ सुटली तर सगळी सिस्टम नव्या डिस्कवर ‘जुनं’ नावाच्या फोल्डरच्या पोटात जाते. छोट्या एक्समुळे कॉपी एकाच फाइलसिस्टमपुरती राहते. म्हणून बूट आणि होम वेगळ्या पार्टिशनवर असतील तर त्यांची कॉपी वेगळी करा.

या रस्त्याने यूयूआयडी नवे मिळतात. ‘बीएलकेआयडी’ने ते पाहून नव्या डिस्कवरच्या एफएसटॅबमध्ये (बूटला काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) बदला. क्रिप्टटॅब (एन्क्रिप्टेड पार्टिशनची तशीच यादी) असेल तर तोही. स्वॅप नव्याने बनवला असेल तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या ‘रिझ्यूम’ फाइलमध्ये जुना यूयूआयडी राहतो आणि प्रत्येक बूट काही वेळ रखडतं. लोक तेवढ्यावरून नव्या डिस्कला दोष देतात.

## टप्पा 8: बूट

डिस्क ते डिस्क क्लोन असेल तर बहुधा इथे काही करावं लागत नाही. आधी नुसतं सुरू करून बघा. काही यूईएफआय मशीन जुनी डिस्क गेल्यावर बूटची नोंद पुसून टाकतात, तेव्हा, किंवा टप्पा 7 चा रस्ता घेतला असेल तेव्हा:

1. नवं रूट ‘/एमएनटी’वर माउंट करा, मग वेगळं बूट असल्यास ते, मग ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. हा क्रम बदलू नका, नाहीतर ग्रब चुकीच्या फोल्डरमध्ये लिहिलं जातं.
2. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे ‘माउंट --आरबाइंड’ने आत जोडा.
3. ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’, म्हणजे पुढच्या कमांड नव्या सिस्टमच्या आत चालतात.
4. ‘ग्रब-इन्स्टॉल’. जुन्या बायोसला पुढे पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही.
5. ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, मग ‘अपडेट-ग्रब’.

सुरू झाल्यावर ‘फाइंडएमएनटी /’ चालवा आणि रूट खरंच नव्या डिस्कवर आहे ना ते पाहा. बायोस पद्धतीच्या मशीनवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ करून नवी डिस्क निवडा. पॅकेजच्या स्मरणात जुन्या डिस्कचं नाव सिरियलसकट असतं. हे राहिलं तर सगळं दोन महिने छान चालतं, आणि ग्रबचा पुढचा अपडेट आला की गाडी अडते.

## टप्पा 9: काय गेलं ते शोधा

क्लोन सुरू झाला म्हणजे सगळं आलं असं नाही. ‘सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय’ पॅकेजच्या फाइल मूळ नोंदीशी ताडून बघतं. ज्या ओळीत 5 दिसेल ती फाइल बदललेली आहे. तिच्यापुढे ‘सी’ असेल तर ती सेटिंगची फाइल आहे, बहुधा तुम्हीच बदललेली. बाकी फाइलचं पॅकेज ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा टाका.

तुमच्या स्वतःच्या फाइलना असा ताळा नसतो. डेटाबेस असेल तर त्याची स्वतःची तपासणी चालवा, झिप फाइल ‘अनझिप -टी’ने पाहा, बाकी शेवटच्या बॅकअपशी आरसिंकच्या ‘--चेकसम’ आणि ‘-एन’ने ताडा, म्हणजे काही न लिहिता फक्त फरक दिसेल. एफएससीकेनंतर पार्टिशनच्या मुळाशी ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये काही आलंय का, तेही उघडून पाहा.

एसएसडी असेल तर ‘सिस्टमसीटीएल इनेबल --नाउ एफएसट्रिम.टायमर’.

जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा. अकाउंटचं मशीन असेल तर पुढचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत. त्यानंतर ती पुसायच्या भानगडीत पडू नका. जे सेक्टर डिस्कने बदलून बाजूला टाकले, तिथपर्यंत लिखाण पोचत नाही. ड्रिलने प्लॅटरच्या आरपार तीन-चार भोकं पाडा आणि मगच ई-कचऱ्यात द्या.